अकरा मिनिटांची नोकरी

माझ्या मामीचा पाय पाच नंबरचा होता. तुम्ही-आम्ही दुकानात जाऊन नंबर सांगतो तसा नव्हे. तिचा पाय म्हणजेच पाच नंबर. एका मोठ्या बुटांच्या कारखान्यात बायकांचा कुठलाही नवा जोड आधी तिच्या पायात जायचा. ती दोन जिने चढायची-उतरायची, आवारात वीस फेऱ्या मारायची आणि साचे करणाऱ्या मास्तरांसमोर बसून सांगायची, "टाचेला सैल आहे. करंगळीला चावतो. ही शिवण आतून दुमडा." मास्तर तिच्याच पायावर पेन्सिलीनं खूण करायचे, लाकडी साचा कानसीनं घासायचे, आणि मग त्या साच्यावर हजारो जोड निघायचे. एकोणीस वर्षं हे चाललं. कारखान्यात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. 'पाच नंबर' म्हणायचे, आणि तीही निमूट 'ओ' द्यायची.

मग मालक थकले आणि कारभार जावयाच्या हाती गेला. कारखाना त्यांना जावईबापूच म्हणायचा, अर्थात पाठीमागे. जावईबापूंना काहीच कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. बुटांच्या खोक्यांतलं त्यांना पुष्कळ कळत होतं. खोक्याचा रंग, खोक्यावरची अक्षरं, खोक्यातला कागद. आत बूट असतो ही त्यांच्या दृष्टीनं थोडी अडचणच होती.

एका दिवशी बाहेरून मोठं गिऱ्हाईक आलं. जावईबापूंनी मामीला नवा जोड घालायला लावला, तिला गालिच्यावर चालवलं आणि सगळ्यांसमोर हसत विचारलं, "काय मग, कसा वाटतोय?"

मामीला एकोणीस वर्षं हाच प्रश्न विचारला जात होता. तिनं एकोणीस वर्षांच्या सवयीनं उत्तर दिलं. "दिसायला झकास आहे. डाव्या पायात करंगळीला चावतो. तासभर घातला तर फोड येईल."

गिऱ्हाइकानं हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि 'नंतर कळवतो' म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामीच्या हातात कागद पडला. कंपनीच्या हिताला बाधा आणणारं वर्तन आणि कामातली अकार्यक्षमता. आजपासून कामावर येऊ नये.

मामा घड्याळं दुरुस्त करतो. त्यानं डोळ्याला भिंग लावून तो कागद दोन वेळा वाचला, घडी केली आणि थेट माझ्याकडे आला. मला वकिली सुरू करून दोन वर्षं झाली होती. तोवर मी मुख्यतः भाडेकरार केले होते, आणि एकदा एका माणसाला त्याचा कुत्रा परत मिळवून दिला होता.

"भाचीबाई," मामा म्हणाला, "यातला 'अकार्यक्षमता' हा शब्द काढता येईल का? बाकीचं मग बघू."

बाकीचं बघायला सात महिने लागले. काढणं चूक होतं, हे कामगार न्यायालयात लवकर ठरलं. ना चौकशी, ना नोटीस, ना तिचं म्हणणं ऐकून घेतलेलं. न्यायाधीशबाईंनी दुसऱ्याच तारखेला सांगून टाकलं. इथपर्यंत सोपं होतं. चूक झाली हे ठरल्यावर त्या चुकीचं माप काढायचं असतं, आणि खरी गंमत तिथे सुरू होते.

कंपनीचे वकील होते मोठे. वयानं, फीनं आणि घेरानंही. त्यांनी दोन मुद्दे मांडले. पहिला, की बूट बेतायला कंपनीनं रबरी पाय विकत घेतला आहे. त्यामुळे बाईंची जागा तशीही तीन महिन्यांत जाणारच होती. मग नुकसान मोजायचं ते तीनच महिन्यांचं. दुसरा मुद्दा जास्त कडू होता. नोकरी गेलेल्या माणसानं हातावर हात धरून बसायचं नसतं, त्यानं दुसरं काम शोधायचं असतं. शोधलं नसेल तर भरपाई कापली जाते. "बाईंनी काय शोधलं, ते यादीनं सांगावं," मोठे वकील म्हणाले आणि माझ्याकडे बघून काका हसतात तसे हसले.

बाहेर जिन्यावर मी मामीला सांगितलं, "मामी, आजपासून तुझ्या कामात बसेल अशी एकही जाहिरात सोडायची नाही. एक जरी सोडलीस तरी हे तेवढीच धरून बसतील."

"माझ्या कामात बसेल अशी म्हणजे कशी?" मामी म्हणाली. "पाय पाहिजे, अशी जाहिरात कोण देतं?"

तरी तिनं शोधलं. मामानं वही सुरू केली. तारीख, ठिकाण, उत्तर. घड्याळाच्या तबकडीवर लिहावं तसं बारीक, सरळ अक्षर. मोज्यांच्या कारखान्यात तिला विणता येतं का विचारलं. नखांच्या रंगाच्या जाहिरातीसाठी गेली तर तिथली मुलगी टाचांकडे बघून "काकू, हात दाखवा" म्हणाली, आणि हात बघून आणखीच गप्प झाली. हाडांच्या दवाखान्यात विद्यार्थ्यांना शिकवायला पाय हवा होता, पण त्यांना मोडलेला हवा होता. मोठ्या दुकानात गल्ल्यावर उभं राहण्याचं काम होतं; तिथे वयावर अडलं. मध्ये दोन आठवडे मोज्यांच्या एका दुकानात तिनं बदली म्हणून कामही केलं. मी म्हटलं, हेही वहीत लिहायचं, तेवढे पैसे भरपाईतून वजा होतील. मामा म्हणाला, "लिहिलंय. दुपारच्या चहासकट."

तेविसाव्या अर्जानंतर एका सकाळी मामी वर्तमानपत्र घेऊन माझ्या टेबलाशी आली. बायकांच्या पादत्राणांच्या चाचणीसाठी पाच नंबरचा पाय असलेली महिला हवी. अनुभवी असल्यास उत्तम. पत्ता एका नोकऱ्या लावून देणाऱ्या एजन्सीचा. कंपनीचं नाव नाही.

"हे आपलेच तर नव्हेत?" मामीनं विचारलं.

"यांच्याकडे रबरी पाय आहे ना? त्यांना माणसाचा कशाला लागेल?"

मामीनं जाहिरातीवर बोट ठेवलं. तिच्या डोळ्यांत जे काही आलं ते मी खटला सुरू झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

"आणि असले आपलेच, तर?"

"जाहिरातीत नाव नाही, मामी. अर्ज कर. खरं नाव, खरा पत्ता, खरा अनुभव. एक अक्षर खोटं नको."

पुढचं मला मामीनं आणि मास्तरांनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं जुळलं.

रबरी पाय कंपनीत आला होता, तो चालत नव्हता असं नाही. त्याला कुठलाही बूट घाला, तो कधी 'चावतो' म्हणत नसे. जावईबापू त्याच्यावर फार खूश होते. पण त्या पायावर बेतलेले जोड दुकानांतून परत येऊ लागले. आधी पिशवीतून, मग पेट्यांतून, मग टेम्पोतून. शेवटी मास्तर म्हणाले, "साहेब, माणूस लागेल." जावईबापूंनी मोठ्या वकिलांना फोन केला; एक माणूस घ्यायचाय, एवढंच सांगितलं. खटला चालू असताना निवड करताय, ते म्हणाले, तर अशी करा की उद्या कुणी पक्षपाताचं बोट दाखवायला नको. नाव नको, तोंड नको, आवाज नको. जावईबापूंना ही कल्पना इतकी आवडली की ती आपलीच आहे असं ते दोन दिवसांत सगळ्यांना सांगू लागले.

म्हणून एजन्सीच्या हॉलमध्ये हिरवा पडदा टांगला. पडद्याच्या अलीकडे उमेदवार खुर्चीवर, पलीकडे फक्त गुडघ्याखालचा पाय. बूट पलीकडून चढवणार, उमेदवारानं पडद्याआडच चार पावलं टाकायची, आणि काय वाटलं ते चिठ्ठीवर लिहून पडद्याखालून सरकवायचं. मामीला बिल्ला मिळाला चौदा नंबरचा.

ती बसली, खाली वाकली, तर पडद्याखालून समोर टोकदार, आरशासारखे चकचकीत बूट. कारखान्यात तसे एकच माणूस घालायचा.

"तेव्हा उठून यावंसं वाटलं गं," मामी मला म्हणाली. "वाटलं, काय ही नामुष्की. मग तुझ्या त्या मोठ्या वकिलाचं तोंड आठवलं. 'काय शोधलं ते यादीनं सांगावं.' आणि केला पाय पुढे."

जावईबापूंनी तो पाय पाहिला. कारभार हाती घेतल्यापासून तिला काढेपर्यंत दीड वर्ष तो रोज त्यांच्या आवारात वीस फेऱ्या मारत होता, पण त्यांनी ओळखला नाही, कारण पाहिलाच कधी नव्हता. मास्तर मात्र बूट चढवायला गुडघ्यावर बसले आणि घोट्याखालचा तीळ दिसताच त्यांना खोकला आला. तो इतका वेळ थांबेना की एजन्सीच्या माणसानं पाणी आणून दिलं.

बाकीच्या चिठ्ठ्यांवर काय होतं? 'छान.' 'खूपच छान.' 'रंग सुंदर आहे.' एकीनं लिहिलं होतं, 'मला नोकरीची फार गरज आहे.' चौदा नंबरच्या चिठ्ठीवर तीन ओळी होत्या. डाव्या पायात करंगळीला चावतो. टाच अर्धं सूत उंच आहे. आतली शिवण दुमडली तर दोन्ही दुखणी जातील.

मामीचं अक्षर जावईबापूंनी कधी पाहिलं नव्हतं. कारखान्यात ती बोलायची आणि मास्तर लिहायचे. त्यांनी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि मांडीवर थाप मारली. "बघा मास्तर! याला म्हणतात परीक्षा! हेच तर मी केव्हापासून शोधतोय!"

"होय साहेब," मास्तर म्हणाले आणि पुन्हा खोकले.

नेमणुकीचं पत्र जावईबापूंनी तिथेच लिहवून घेतलं आणि सही केली. नाव घालायचं काम एजन्सीचं. 'आपलं निरीक्षण असाधारण असून आपल्यासारख्या पायाची कंपनीला तातडीची गरज आहे. रबरी साधनाचा वापर बंद करण्यात येत आहे.' पगार जुन्याच्या दीडपट, कारण टेम्पो अजून येतच होते.

पत्र घरी आलं तेव्हा मामानं भिंग न लावताच वाचलं. मग तो आत जाऊन बराच वेळ एकटाच हसत होता. नंतर बाहेर आला आणि गंभीरपणे मला म्हणाला, "आता जायचं का कामावर?"

"जायलाच हवं. नोकरी मिळूनही गेली नाही तर तेच तिच्या अंगावर येईल. मामी, वेळेवर जा. त्यांनी काम दिलं तर मुकाट्यानं कर. 'जा' म्हणाले तर वाद घालू नकोस. फक्त लिहून माग."

सोमवारी नऊ वाजता मामी फाटकातून आत गेली. पहारेकऱ्यानं पत्र पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कधी नव्हे तो उठून उभा राहिला. मास्तरांनी खुर्ची पुसून दिली. जावईबापू चौदा नंबरचं स्वागत करायला एजन्सीच्या माणसाला घेऊन आले. हातात पेढ्यांच्या खोक्यासारखा धरलेला पेनाचा डबा होता. नव्या माणसाला भेट देण्याची त्यांची पद्धत.

"तुम्ही?"

"नमस्कार साहेब," मामी म्हणाली. "आधी पाच नंबर. आता चौदा."

यानंतर जावईबापू जे बोलले ते मास्तरांनी मला सांगितलं नाही. मामीही म्हणाली, जाऊ दे. शेवटचा शब्द 'बाहेर' होता, यावर दोघांचं एकमत आहे.

"जाते साहेब. तेवढं लिहून द्या. नाहीतर माझ्या अंगावर येईल."

जावईबापूंनी रागाच्या भरात भेटीचा डबा उघडला, आतला नवा कोरा पेन काढला आणि नेमणुकीच्या पत्राच्या पाठीवरच लिहिलं, 'ताबडतोब काढण्यात येत आहे.' सही. तारीख. वेळसुद्धा घातली, टापटीप माणूस. नऊ वाजून अकरा मिनिटं.

मामीनं भेटीचा पेन टेबलावरच राहू दिला, कागद घेतला आणि ती घरी आली.

मी यादी आणि सगळे कागद सुनावणीच्या आठवडाभर आधी न्यायालयात दिले, एक प्रत मोठ्या वकिलांच्या कचेरीत पोचवली आणि पोच घेतली. चोवीस नोंदी होत्या, प्रत्येकीला एक पान. चोविसाव्या पानापर्यंत तिथे कुणी गेलं नाही, आणि जावईबापूंनी लाजेनं तोंड उघडलं नाही.

सुनावणीच्या दिवशी मोठे वकील खुशीत होते. त्यांनी मामीला पिंजऱ्यात उभं करून मोज्यांचा कारखाना, नखांचा रंग, मोडका पाय, सगळं एकेक करून विचारलं. लोक हसले. मामी शांतपणे उत्तरं देत गेली.

"तर बाई, एवढ्या ठिकाणी गेलात, आणि कायमचं काम काही मिळालं नाही?"

"मिळालं की. एका ठिकाणी."

मोठे वकील थबकले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची दयाच आली. नोकरी मिळाली म्हणजे नुकसान तिथेच थांबलं!

"अस्सं! पगार किती?"

"आधीच्या दीडपट."

"दीडपट!" ते न्यायाधीशबाईंकडे वळले. "मॅडम, हे कृपया नोंदवून घ्यावं. बाजारात बाईंची किंमत दीडपट आहे, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे."

"नोंदवलं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांच्यासमोर चोविसावं पान उघडं होतं आणि त्या खाली बघत होत्या.

"कुठल्या कंपनीत?"

"तुमच्याच," मामी म्हणाली.

मागच्या बाकावर जावईबापू छताकडे पाहू लागले.

"आमच्या? मग... मग तुम्ही तिथे काम का करत नाही?"

"काढलं ना."

"कधी?"

"अकरा मिनिटांनी."

कोर्टात हसायचं नसतं, म्हणून लघुलेखकानं पेन्सिल खाली पाडली आणि टेबलाखाली बराच वेळ शोधली. मी उठून पत्र पुढे केलं, आधी पुढची बाजू, मग मागची. मोठ्या वकिलांनी दोन्ही बाजू वाचल्या. ते खरंच मोठे होते, त्यांनी पत्र परत दिलं, झगा सावरला आणि म्हणाले, "मॅडम, मला पुढे काही विचारायचं नाही. माझ्या अशिलांना मात्र मला खूप काही विचारायचं आहे."

न्यायाधीशबाईंनी जावईबापूंना पुढे बोलावलं. सही तुमची का? हो. 'असाधारण निरीक्षण' हे शब्द तुमचे का? हो. रबरी पाय सध्या कुठे आहे?

"स्टोअरमध्ये," जावईबापू म्हणाले. "त्याच्यावर टोप्या ठेवतात."

झालं. जागा तीन महिन्यांत जाणारच होती हा मुद्दा त्या टोप्यांखाली गेला. आदेशात हिशेब स्वच्छ मांडला होता. एकोणीस वर्षांच्या नोकरीच्या हिशेबानं नोटिशीचा पगार. काढल्यापासून ते पत्राच्या तारखेपर्यंत जुन्या दरानं, आणि त्यापुढे नव्या. कारण दर कंपनीनंच ठरवला होता आणि नोंदवून घ्यायला त्यांच्याच वकिलांनी सांगितलं होतं. मोज्यांच्या दुकानातले दोन आठवडे वजा. 'अकार्यक्षमता' हा शब्द रद्द.

पण पुढचे महिने किती धरायचे, हे ठरवण्याआधी न्यायाधीशबाईंनी मामीला विचारलं होतं, "बाई, जागा परत हवी का? तसाही आदेश देता येतो."

मला वाटलं होतं, ती हो म्हणेल.

"मॅडम," ती म्हणाली, "एकोणीस वर्षं मी अनवाणी चालले नाही. पाय पसरेल म्हणून. उघडी चप्पल घातली नाही, कातडी रापेल म्हणून. वजन वाढू दिलं नाही, जास्त उभी राहिले नाही. बहिणीच्या लग्नात नाचले नाही. पाय कंपनीचा होता, मी नुसता सांभाळत होते. गेल्या सात महिन्यांत मी गच्चीवर अनवाणी फिरले. आता मास्तरांनी मोजला तर साडेपाच भरेल. जागा नको."

याची भरपाई कुठल्या रकान्यात धरायची, हे कायद्यात नव्हतं. मग न्यायाधीशबाईंनी पुढचे अठरा महिने धरले.

आदेशानंतर आठवड्यानं थकलेले मालक काठी टेकत मामाच्या घरी आले. पैसे मिळाले का विचारलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, पायासाठी नाही आलो. आमच्याकडे दहा मुली घेतल्यात. सगळ्या 'छान' म्हणतात. घाबरतात. त्यांना बोलायला शिकवा."

मामीनं माझ्याकडे पाहिलं. मी करार करून दिला: मंगळवार आणि शुक्रवार, दोन-दोन तास. त्यात मामीची एकच अट होती. बूट पास करायची सही ज्याची, त्यानं आपल्या मापाचा जोड आधी दिवसभर स्वतः घालायचा.

जावईबापूंचा पाय बरोब्बर आठ नंबरचा निघाला, आणि पुरुषांचे नवे जोड आधी त्याच मापात बनायचे. आरशासारखे बूट सोडून त्यांना नव्या बेताचे पुरुषी जोड घालून जिने चढावे लागले. पहिले तीन मंगळवार मामीनं विचारलं, "कसा आहे साहेब?" आणि त्यांनी ओठ आवळून "छान" म्हटलं. चौथ्या मंगळवारी ते लंगडत आले, खुर्चीत बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि एक चिठ्ठी तिच्यासमोर सरकवली. उजव्या पायात, अंगठ्याच्या आतल्या बाजूला.

मामीनं ती वाचली. ती हसली नाही. "काढा बूट," ती म्हणाली, स्वतः खाली बसली, बोटानं जागा चाचपली आणि मास्तरांना हाक मारली, "मास्तर, इथे जरा घासा. साहेबांना खरंच लागतंय."